वाळूची धूळ : आधी मशीन, मग मास्क



मी छातीच्या वॉर्डात नोकरी करत होते तेव्हाची गोष्ट. चाळिशीतला एक माणूस खाटेवर बसून असायचा. आडवा झाला की त्याला दम लागायचा, म्हणून तो रात्रही बसूनच काढी. फाईलमध्ये क्षयरोगाच्या औषधांचे दोन कोर्स लिहिलेले होते. थुंकीत जंतू सापडत नव्हते, तरी खोकला आणि दम वाढतच होता. ‘मधेच गोळ्या सोडल्या असतील’ असे सगळ्यांनी धरून चालले होते. मी त्याच्या बायकोला विचारले, “हे काम काय करतात?” ती म्हणाली, “सिस्टर, फरशी कापायचं. पंधरा वर्षं झाली. घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या.”

फाईलमध्ये ‘व्यवसाय’ या रकान्यात एकच शब्द होता : मजुरी.

मजुरी म्हटले की सगळे कळले असे आपल्याला वाटते. पण कापसाच्या मजुरीचा आजार वेगळा, भट्टीच्या मजुरीचा वेगळा आणि दगड-वाळूच्या मजुरीचा वेगळा. त्या माणसाच्या छातीत बारीक दगड साचला होता. त्या आजाराचे नाव सिलिकोसिस. तो माणूस पुढचा पावसाळा पाहू शकला नाही.

या महिन्याचा धडा त्या धुळीवर आहे. त्यासाठी मी तुम्हाला आधी अमेरिकेतल्या तेल-वायूच्या विहिरींवर नेणार आहे. इतक्या लांब कशाला, असे कोणी विचारेल. कारण तिथे गेल्या पंधरा वर्षांत एका नव्या कामावर हीच धूळ मोजली गेली, ती कुठून कुठून उडते हे शोधले गेले आणि ती उगमापाशीच अडवायची यंत्रे बनवली गेली. तिथे काय केले हे समजले, तर इथे ठेकेदाराकडे काय मागायचे हे आपल्याला समजेल.

विहिरीत वाळू कशाला?

जमिनीच्या पोटात, दोन-तीन किलोमीटर खोल, घट्ट खडकांच्या थरात तेल आणि वायू अडकून असतात. साधी विहीर खोदून ते बाहेर येत नाहीत. मग खूप मोठ्या दाबाने पाणी, वाळू आणि थोडी रसायने खाली सोडतात. दाबाने खडकाला बारीक भेगा पडतात. दाब काढला की भेगा पुन्हा मिटायला पाहतात, पण आत शिरलेले वाळूचे दाणे त्यांना उघडे धरून ठेवतात, जशी आपण दार मिटू नये म्हणून खाली खुंटी लावतो. त्या भेगांतून तेल-वायू वर येतो. या कामाला फ्रॅकिंग म्हणतात.

खुंटीचे काम करणारी वाळू कणखर लागते. म्हणून जवळजवळ शुद्ध गारगोटीची वाळू वापरतात. यातली बरीच वाळू विस्कॉन्सिन राज्यातल्या खाणींतून आली, पुढे टेक्सासमध्येही तिच्या खाणी निघाल्या. एकेका विहिरीला शेकडो, आता तर हजारो टन वाळू लागते. ती ट्रकने येते, हवेच्या जोराने पाइपातून मोठ्या टाकीत भरली जाते, टाकीखालच्या पट्ट्यावर पडते, पट्ट्यावरून पुढे मिसळण्याच्या यंत्रात जाते आणि तिथून पाण्याबरोबर विहिरीत. या प्रत्येक टप्प्यावर दाण्यावर दाणा आपटतो, घासतो, फुटतो. त्यातून बारीक भुकटी उडते.

गारगोटी म्हणजे सिलिका. इथूनच आजार सुरू होतो.

छातीत काय होते?

डोळ्यांना दिसणारी जाड धूळ फार आत जात नाही. ती नाकाच्या केसांत, घशाच्या चिकट थरात अडकते, शेंबडातून नाहीतर थुंकीतून बाहेर पडते. धोका आहे तो न दिसणाऱ्या धुळीचा. समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूच्या दाण्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा कण फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या फुग्यांपर्यंत पोहोचतो. तिथे रक्तात प्राणवायू मिसळतो. तिथे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी असतात. त्या जंतू गिळून पचवतात. त्या हा कणही गिळतात, पण दगड त्यांना पचत नाही. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. प्रत्येक वेळी तिथे सूज येते आणि जखमेचा वण राहतो. असे हजारो वण झाले की मऊ स्पंजासारखे फुप्फुस वहाणेच्या चामड्यासारखे कडक होते. मग ते फुगत नाही आणि श्वास अपुरा पडतो.

ताज्या फुटलेल्या गारगोटीचा कण जुन्या कणापेक्षा जास्त घातक असतो. म्हणून वाळू जिथे आपटते, दगड जिथे कापला जातो, तिथली धूळ सर्वांत वाईट.

हा आजार बहुतेक वेळा दहा वर्षे किंवा त्याहून जास्त काम केल्यावर कळतो. धूळ खूप असेल तर पाच वर्षांतही होतो. धूळ फारच भयंकर असेल तर काही महिन्यांतही. गेलेले फुप्फुस परत आणणारे औषध नाही. काम सोडल्यावरही वण वाढू शकतात. सिलिका धुळीने क्षयरोग होण्याचा धोका वाढतो, मूत्रपिंडाचे आजार होतात. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

तरीही एक गोष्ट आशेची आहे. सिलिकोसिस बरा होत नाही, पण टाळता मात्र शंभर टक्के येतो. धूळ छातीत गेली नाही तर आजार होतच नाही.

मोजल्यावर काय कळले?

अमेरिकेत नायोश नावाची सरकारी संशोधन संस्था आहे. कामगारांचे आजार शोधणे आणि ते थांबवण्याचे उपाय काढणे हे तिचे काम. २०१० आणि २०११ साली तिच्या तज्ज्ञांनी फ्रॅकिंगच्या कामावर जाऊन धूळ मोजली. आर्कान्सा, कोलोरॅडो, नॉर्थ डकोटा, पेनसिल्व्हेनिया आणि टेक्सास या पाच राज्यांतली अकरा ठिकाणे त्यांनी निवडली. कामगारांच्या सदऱ्याच्या कॉलरजवळ छोटी नळी लावली, कमरेला पंप अडकवला, आणि दिवसभर तो कामगार जी हवा ओढतो तिचे नमुने घेतले.

२०१२ च्या जूनमध्ये या संस्थेने आणि ओशा या कामगार-सुरक्षा खात्याने मिळून धोक्याचा इशारा प्रसिद्ध केला. एकूण ११६ नमुन्यांपैकी ४७ टक्के नमुन्यांत धूळ तेव्हाच्या कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त होती. नायोशने स्वतः सांगितलेली मर्यादा आणखी कडक होती. तिच्याशी ताडून पाहिले तर ७९ टक्के नमुने मर्यादेबाहेर होते. ९ टक्के नमुन्यांत तर कायद्याच्या मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून अधिक धूळ निघाली.

मर्यादा म्हणजे किती, तेही समजून घेऊ. नायोशची मर्यादा एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम अशी आहे. कष्टाचे काम करणारा माणूस आठ तासांत साधारण दहा घनमीटर हवा ओढतो. म्हणजे दिवसभरात अर्धा मिलिग्रॅम. मिठाचे मोजके आठ-दहा दाणे तळहातावर घ्या, तेवढ्या वजनाची धूळ. दिवसाला एवढीच धूळ ही वरची हद्द. भुवया पांढऱ्या होतात तिथे किती जात असेल, याचा विचार करा.

धूळ सात जागांहून येते

या तज्ज्ञांनी ‘कामावर फार धूळ असते’ एवढेच लिहून काम संपवले नाही. धूळ नेमकी कुठून उडते हे त्यांनी पाहिले. त्यांना सात जागा सापडल्या :

१. वाळूच्या टाकीच्या डोक्यावरची झाकणे. टाकीत हवेच्या जोराने वाळू भरताना आतली हवा धूळ घेऊन या झाकणांतून धुरासारखी बाहेर पडते.
२. टाकीच्या बाजूची, उघडी राहिलेली वाळू भरायची तोंडे.
३. आवारात ये-जा करणारे ट्रक. त्यांच्या चाकांखाली सांडलेली वाळू पुन्हा पुन्हा दळली जाते.
४. टाकीच्या खालचा पट्टा.
५. वाळू जिथे वरून मिसळण्याच्या यंत्राच्या तोंडात पडते ती जागा.
६. टाक्या आणि मिसळण्याचे यंत्र यांच्यामधले पट्टे.
७. टाकीच्या पट्ट्याचे वर उचललेले शेवटचे टोक, जिथून वाळू खाली कोसळते.

सर्वांत जास्त धूळ कोणाच्या छातीत जात होती? टाकीवर उभे राहून झाकणांवर लक्ष ठेवणाऱ्या आणि पट्टा चालवणाऱ्या कामगारांच्या. गाडीत किंवा केबिनमध्ये बसणाऱ्या साहेबांच्या छातीत ती कमी जात होती. जो धुळीच्या तोंडाशी उभा, तोच पहिला आजारी. जगात सगळीकडे हे असेच आहे.

उपायांची पायरी

आता धड्यातला मुख्य भाग. धूळ आहे म्हटल्यावर आपल्याकडे पहिला उपाय सांगतात तो मास्क. आरोग्याच्या शास्त्रात मास्क शेवटच्या पायरीवर आहे. क्रम असा आहे :

पहिली पायरी : धोक्याची वस्तूच बदला. वाळूच्या जागी चिनी मातीचे किंवा तसलेच कृत्रिम दाणे वापरता आले तर गारगोटीच राहत नाही. ते दाणे महाग पडतात, म्हणून कंपन्या वाळूच वापरतात. पण ‘बदलता येईल का?’ हा प्रश्न आधी विचारायचा.

दुसरी पायरी : धूळ उगमापाशीच कोंडा. इथे यंत्र कामाला येते. बाजूच्या उघड्या तोंडांना घट्ट टोपण लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय, टोपणाला कितीसा खर्च येतो? टाकीखालच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी रबराचे पडदे लावले की धूळ आतच राहते. पट्ट्याच्या टोकापासून मिसळण्याच्या यंत्रापर्यंत वाळू जितक्या उंचावरून पडेल तितकी धूळ जास्त, म्हणून ती उंची कमी करायची आणि ती जागा झाकायची. जिथे झाकता येत नाही तिथे धूळ ओढून घेणारा पंखा आणि गाळणी बसवायची.

टाकीच्या डोक्यावरच्या झाकणांसाठी नायोशच्या लोकांनी एक युक्ती काढली. झाकणाच्या जागी बसेल अशी चौकट, आणि तिच्यावर गाळणी कापडाची पिशवी. टाकीत वाळू भरताना आतली हवा पिशवीतून गाळून बाहेर पडते, पिशवी फुगते, धूळ आतच राहते. भरणे थांबले की पिशवी खाली पडते आणि चिकटलेली धूळ परत टाकीत गळते. वेगळी मोटार नाही, वेगळी वीज नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये आर्कान्सातल्या वाळूच्या खाणीवर तिची चाचणी घेतली. पिशवी लावून आणि न लावता, टाकीच्या आजूबाजूला बारा ठिकाणी हवा मोजली. पिशवी लावल्यावर हवेतली बारीक सिलिका ७९ ते ९९ टक्क्यांनी कमी झाली. पिशवीत सापडलेल्या धुळीत ताज्या फुटलेल्या गारगोटीच्या खुणा होत्या. एरवी ही धूळ कोणाच्या छातीत जात होती, हे सांगायला नको.

पुढे काही ठिकाणी वाळू ट्रकमधून हवेने फुंकून भरण्याऐवजी बंद पेट्यांतून आणायला सुरुवात झाली. पेटी थेट पट्ट्यावर ठेवायची, खालचे तोंड उघडायचे. फुंकणेच नाही, म्हणून त्या टप्प्याची धूळही नाही.

तिसरी पायरी : काम करायची रीत बदला. आवारातल्या रस्त्यावर पाणी मारायचे. सांडलेली वाळू कोरडी झाडायची नाही, ओली करून उचलायची. ज्याची गरज नाही त्याने धुळीच्या भागात थांबायचे नाही. शक्य तिथे यंत्र लांबून चालवायचे. कपड्यांवरची धूळ हवेच्या पाइपाने उडवायची नाही, ती ओढून घेणाऱ्या यंत्राने काढायची. पाळ्या बदलायच्या, म्हणजे एकाच माणसाच्या छातीवर सगळा भार येत नाही.

चौथी आणि शेवटची पायरी : मास्क. वरचे सगळे करूनही जी धूळ उरते तिच्यासाठी मास्क.

मास्क शेवटी का?

कारण अमेरिकेतल्या त्या मोजणीतच त्याचे उत्तर मिळाले. तिथले बरेच कामगार मास्क लावतच होते. त्यांचा अर्ध्या चेहऱ्याचा मास्क नीट बसला तर धूळ दहापट कमी करतो, असे धरले जाते. पण हवेतली धूळच मर्यादेच्या दहापटीहून जास्त असेल, तर मास्क लावूनही छातीत मर्यादेपेक्षा जास्तच धूळ जाणार. हा साधा हिशेब आहे.

शिवाय मास्क बसायला हवा. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. उन्हात घामाने तो निसटतो. बोलायला, तंबाखू खायला, पाणी प्यायला तो खाली येतो. आठ तास मास्क लावून जड काम करणे किती कठीण, हे कोविडच्या वॉर्डात आम्ही परिचारिकांनी अनुभवले आहे. मशीनला लावलेले झाकण मात्र दमत नाही, विसरत नाही आणि त्याला घामही येत नाही.

आणखी एक गोष्ट. मास्क हाच उपाय मानला की आजाराचा दोष कामगारावर येतो : ‘आम्ही दिला होता, त्याने लावला नाही.’ झाकण, पडदा, पाणी आणि गाळणी लावणे मात्र मालकाचे काम आहे. म्हणून ‘आधी मशीन, मग मास्क’ हे आरोग्याचेही सूत्र आहे आणि न्यायाचेही.

कायदा हलायला किती वेळ लागला?

इशारा २०१२ चा. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेने नवा नियम काढला आणि कायद्याची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमवर आणली. जुनी मर्यादा साधारण दुप्पट होती. नियमात स्पष्ट लिहिले की मालकाने आधी यंत्राचे आणि कामाच्या पद्धतीचे उपाय करायचे, ते पुरे पडले नाहीत तरच वर मास्क द्यायचा. तरीही फ्रॅकिंगच्या धंद्याला यंत्राचे उपाय बसवायला २३ जून २०२१ पर्यंतची मुदत मिळाली. इशाऱ्यापासून नऊ वर्षे.

आणि ही धूळ मारते हे काही तेव्हा नव्याने कळले नव्हते. १९३० साली अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्ट नावाचा बोगदा खोदायला सुरुवात झाली. खडक गारगोटीने भरलेला होता. पाणी सोडून छिद्रे पाडली तर धूळ बसते हे माहीत होते, पण कोरडे काम भराभर होते म्हणून कोरडेच केले. आत राबणारे बहुतेक मजूर दक्षिणेकडून कामासाठी आलेले काळे लोक होते. कित्येक जण वर्ष-दोन वर्षांत गेले. मृतांचा नेमका आकडा कोणी ठेवलाच नाही. पुढे मार्टिन चर्निॲक या डॉक्टरांनी अभ्यास करून किमान ७६४ मृत्यूंचा अंदाज मांडला. हा बोगदा युनियन कार्बाइड कंपनीच्या विजेसाठी होता. हे नाव आपल्याला भोपाळमुळे ठाऊक आहे.

पाण्याचा एक पाइप पुरेसा होता. पाइपापेक्षा मजूर स्वस्त ठरला, म्हणून पाइप आला नाही.

आपल्याकडची धूळ

आपल्या वस्तीतून कोणी फ्रॅकिंगच्या कामाला जात नाही. पण सिलिका तीच आहे. ग्रॅनाइट, काँक्रीट, वीट, फरशी, वाळू या सगळ्यांत ती कमी-जास्त असते. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ‘क्वार्ट्झ’ नावाने जो कृत्रिम दगड येतो, त्यात ती फारच जास्त असते. तो कापणाऱ्या तरुण कामगारांना सिलिकोसिस होऊ लागला, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदी घातली.

आपल्या देशातही मोठा दाखला आहे. मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआ भागातले आदिवासी मजूर गुजरातमध्ये गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि छातीत दगड घेऊन परतले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० साली २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस गुजरात सरकारला केली. ते पैसे देण्याचा आदेश २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला.

आता विहिरीवरच्या त्या सात जागा आपल्या कामावर ताडून पाहू. धूळ कुठे उडते ते आधी बोट ठेवून सांगायचे, मग तिथेच उपाय मागायचा.

फरशी किंवा ग्रॅनाइट कापताना : पात्यावर पाण्याची धार हवी. पाणी सोडता येणारे कटर मिळतात. तसे नसेल तर दुसऱ्याने सुरक्षित अंतरावरून बारीक धार धरायची. विजेचे मशीन आणि पाणी एकत्र येते, म्हणून वायर फाटलेली नको, अर्थिंग आणि शॉक बसताच वीज तोडणारा स्विच हवाच. हे पाहणे ठेकेदाराचे काम आहे. बंद खोलीत कापायचे नाही, उघड्यावर कापायचे आणि वारा पाठीमागून येईल असे उभे राहायचे.

ब्रेकरने काँक्रीट किंवा भिंत फोडताना : आधी पाणी मारायचे, फोडताना मधून मधून मारत राहायचे. ग्राइंडरला धूळ ओढून घेणारे झाकण मिळते, ते मागायचे.

वाळू चाळताना : हे काम बहुतेक आपल्या बाया करतात. वाळू थोडी ओलसर असू द्या. घमेले डोक्यापासून ओतू नका, जमिनीजवळ नेऊन ओता. वाळू जितक्या उंचावरून पडेल तितकी धूळ जास्त, हे विहिरीवर कळले तसेच इथेही आहे.

काम संपल्यावर झाडताना : आधी पाणी शिंपडा. कोरड्या झाडूने दिवसभर बसलेली धूळ पुन्हा हवेत जाते.

खडी क्रशरवर : खडी पट्ट्यावरून जिथे पडते तिथे पाण्याचे फवारे, पट्ट्यावर झाकण आणि रस्त्यावर पाणी हवे. क्रशर वस्तीजवळ असेल तर ही मागणी वस्तीचीही आहे.

तोंडाला रुमाल, ओढणी किंवा पदर बांधला की जाड धूळ थांबते, मनाला बरे वाटते. बारीक सिलिका मात्र त्यातून सरळ आत जाते. पाण्यानंतर उरलेल्या धुळीसाठी नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क तरी हवा. मळला, ओला झाला, सैल झाला की तो बदलायचा.

आणि घरची गोष्ट. धुळीचे कपडे घालून घरात येऊ नये, लेकराला उचलून घेऊ नये. कामावरच हातपाय धुऊन कपडे बदलावेत. ते जमत नसेल तर दारातच बदलून पाण्याच्या बादलीत टाकावेत. आया-बहिणींनो, ते कपडे झटकू नका. आधी भिजवा, मग धुवा. झटकलेल्या धुळीचा पहिला श्वास तुमचाच असतो.

दवाखान्यात काय सांगायचे?

कोरडा खोकला, जिना चढताना दम, छातीत जडपणा, थकवा, वजन उतरणे यातले काही दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्या. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. पण डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा : “मी इतकी वर्षे फरशी कापतो”, “मी क्रशरवर होतो”, “मी वाळू चाळते”. नुसते ‘मजुरी’ म्हणू नका. केसपेपरवर ते लिहून घ्या. फुप्फुसात किती हवा भरते ते मोजणारी फुंकर-तपासणीही विचारा.

सिलिकोसिस आणि क्षयरोग एक्स-रेवर एकमेकांसारखे दिसू शकतात, आणि एकाच छातीत दोन्ही असू शकतात. म्हणून हा लेख वाचून कोणीही क्षयरोगाच्या गोळ्या बंद करू नयेत. धुळीचा धोका सांगितल्यावर डॉक्टर उपचार कमी करत नाहीत, कधी कधी तो जास्त काळ द्यावा लागतो. सिलिकोसिस एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे त्या माणसाचे ताट-वाटी वेगळी करू नका. विडी-सिगारेट मात्र सोडावीच लागेल. आधीच कमी झालेल्या श्वासात ती आणखी चोरी करते.

सिलिकोसिस हा आपल्याकडे कायद्याने नोंद करणे बंधनकारक असलेला, कामातून होणारा आजार आहे. नोंद झाली तर भरपाईच्या दाव्याला आधार मिळतो. त्यासाठी कामाचा पुरावा लागतो. हजेरीची वही, मुकादमाची चिठ्ठी, बँकेत आलेली मजुरी, कामाच्या जागेवरचा फोटो, काहीही असो, जपून ठेवा. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगाराची नोंद महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात होते. वस्तीतल्या शिकलेल्या पोरा-पोरींनी एका रविवारी बसून हे अर्ज भरून द्यावेत. आजार होण्याआधीची नोंद आजार झाल्यावर कामी येते.

लक्षात ठेवा

• दिसणाऱ्या धुळीपेक्षा न दिसणारी धूळ जास्त मारते.
• सिलिकोसिसला औषध नाही, पण तो पूर्ण टाळता येतो.
• धूळ जिथे जन्मते तिथेच पाणी, झाकण किंवा गाळणी.
• मास्क हवाच, पण तो शेवटी.
• दवाखान्यात ‘मजुरी’ नाही, नेमके काम सांगा.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीतले किती जण दगड, फरशी, वाळू, काँक्रीटच्या कामाला जातात? त्यांची यादी कोणाकडे आहे का?
२. त्यांच्या कामावर धूळ नेमकी कोणत्या जागांहून उडते? अमेरिकेत सात सापडल्या, आपण किती मोजू शकतो?
३. त्यातल्या कोणत्या जागी पाण्याचा एक पाइप पुरेल? तो मागायला ठेकेदाराकडे कोण कोण जाईल?

तिसऱ्या प्रश्नाला एकटे कोणी हात वर करू नका. एकट्याने पाइप मागितला तर दुसऱ्या दिवशी नाक्यावर त्याला काम मिळत नाही, हे मी पाहिले आहे. दहा जणांनी मिळून मागितला तर पाइप येतो. तेही मी पाहिले आहे.